हातोडा पडला म्हणजे हक्क मिळाला का?



बोन चायनाचा कप आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात येत नाही. कारण मी नव्याने सांगायला नको, त्या मातीत जनावरांच्या हाडांची राख घातलेली असते. नवी सून संसाराची खरेदी करायला जाते तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारते, आणि तो "नाही ताई, साधं पोर्सिलीन आहे" म्हणाला की मगच बशी उलटी करून किंमत बघते. ही राखेची युक्ती इंग्रजांची, अठराव्या शतकाच्या अखेरची. ज्यांच्या नावाने आपण 'चिनीमाती' म्हणतो त्या चिनी कारागिरांनी हजार वर्षे भांडी घडवली ती काओलिन नावाची पांढरी माती आणि कुटलेला दगड यांतून. म्हणजे जुने चिनी भांडे आपल्या नियमात बसते आणि बोन चायना बसत नाही. इतके बारीक आपण बघतो.

वस्तू कशाची केली हे विचारणाऱ्या आपण, ती कोणाकडून आली हे मात्र विचारत नाही. माझे आजचे भांडण याच गोष्टीवरून आहे.

निमित्त सांगते. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, हाँगकाँग इथल्या लिलावांची कॅटलॉगे आता फोनवर फुकट पाहता येतात. चिनी फुलदाण्या, जपानी डबे, जेडचे पेले, तिबेटी थंका, आणि त्याच रांगेत आपल्या पंचधातूच्या मूर्ती. आपल्या एका भगिनीने अशाच एका कॅटलॉगातला पार्श्वनाथ भगवंतांचा फोटो गटात टाकला. नमस्कारांचा पाऊस पडला. मग कोणीतरी लिहिले की आपण सगळ्यांनी वर्गणी काढून मूर्ती विकत घेऊ या आणि मंदिरात आणू या. तासाभरात आकडेही येऊ लागले. मी विरोध केला. त्यावर "तुम्हाला भाव नाही" असे ऐकावे लागले. गटात चार ओळींत मांडता येण्यासारखे ते नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी लिलाव म्हणजे काय ते बघू. आमच्याकडे हळदीची अडत होती, त्यामुळे सौदे मी लहानपणापासून ऐकले आहेत. पोत्यावर चिठ्ठी असे, चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि वजन. शेतकरी पोत्याशेजारी उभा असे. भाव पटला नाही तर माल परत घेऊन जाई. लंडनच्या लिलावात उलटे आहे. माल दिव्याखाली झळकत असतो आणि मालकाचे नाव मात्र झाकलेले असते. कॅटलॉगात लिहितात, 'एका सद्गृहस्थांची मालमत्ता', 'युरोपातील एका खासगी संग्रहातून', 'वंशपरंपरेने आलेले'. बी.कॉम.ला आम्हाला खतावणी शिकवणारे सर मागील बाकी नुसती ओढू देत नसत. ही रक्कम मागच्या वहीत कुठल्या पानावर आहे ते दाखवा, म्हणत. इथे लाखो पौंडांच्या वस्तूची मागील बाकी 'खासगी संग्रह' या दोन शब्दांत ओढलेली असते आणि जगातले शहाणे लोक ती मान्य करतात.

व्यापारी कायद्याच्या पुस्तकात आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. त्याच्या २७ व्या कलमाचा सारांश असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. अपवाद आहेत, पण मूळ तत्त्व हे. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर चोराने विकलेली गाय घेणाऱ्याची होत नाही. पण देशोदेशीचे कायदे निराळे. इंग्लंडात एखाद्याने प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना वस्तू विकत घेतली आणि त्यावर सहा वर्षे लोटली की मूळ मालकाचा हक्क संपतो. सहा वर्षे! आपल्याकडे मंदिरातली मूर्ती गेल्याची तक्रार पोलिसांत नीट नोंदली जायलाच कधीकधी तेवढी लागतात.

आता एक जोडी फुलदाण्यांची गोष्ट सांगते. मुलाकडे लंडनला गेले होते तेव्हा ब्रिटिश म्युझियममधल्या ९५ क्रमांकाच्या दालनात मी त्या पाहिल्या. दोन फुटांहून थोड्या उंच, पांढऱ्यावर निळे ड्रॅगन, मानेला हत्तीच्या तोंडाचे कान. चिनी भांड्यांच्या अभ्यासात या जोडीला फार मान आहे, कारण तिच्यावर तारीख लिहिलेली आहे, १३५१ सालची. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा काळ ठरवताना जगभरचे तज्ज्ञ या जोडीकडे बोट दाखवतात. पण मला थांबवले ते तारखेने नाही. मानेवरच्या लेखात लिहिले आहे की झांग वेनजिन नावाच्या भाविकाने धूपदानी आणि दोन फुलदाण्या असा संच देवळाला अर्पण केला आहे, घरादाराचे रक्षण व्हावे आणि मुलामुलींना सुख लाभावे म्हणून. त्याच्या गावाचे, तालुक्याचे नावही आहे. अगदी आपल्या मंदिराच्या फरशीवर असते तसे: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून.

म्हणजे ही देवाला दिलेली वस्तू. देवाने ती कोणाला विकली? धूपदानी तर हरवली ती हरवलीच. दोन फुलदाण्या वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेल्या आणि त्यांतली एक १९३५ साली लंडनच्या लिलावात आली. ज्यांनी दोन्ही मिळवून जोडी पुन्हा एकत्र केली ते सर पर्सिव्हल डेव्हिड आपल्या मुंबईत जन्मलेले, १८९२ साली. त्यांचे वडील मुंबईतले मोठे गिरणीमालक. डेव्हिड साहेबांनी चिनी भाषा शिकून घेतली, अभ्यास केला, सुमारे सतराशे वस्तूंचा संग्रह जपला आणि तो लोकांना पाहायला खुला केला. हे श्रेय मी त्यांना देते. माझा प्रश्न त्यांच्या जपणुकीबद्दल नाही. नाव, गाव, तारीख, हेतू, सगळे वस्तूवर लिहिलेले असताना बाजाराने ते 'दुर्मीळ लेख, म्हणून किंमत जास्त' असे वाचले, याबद्दल आहे. दानाचा लेख हा मालकीचा पुरावा असतो. बाजारात तोच किंमत वाढवायचे कारण होतो.

काहीजणी म्हणतील, हे जुने झाले, कोणी कोणाला विकले कोण जाणे. बरे, मग जिथे माहीत आहे तिथली गोष्ट घेऊ.

१८६० साली इंग्रज आणि फ्रेंच सैन्य पेकिंगपाशी पोहोचले. बादशहाचा युआनमिंगयुआन हा उन्हाळी महाल त्यांनी आधी लुटला, आणि मग चिनी कैदेत त्यांची काही माणसे छळाने मेली याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने जाळला. पोर्सिलीन, जेड, रेशीम, घड्याळे, हाताला लागेल ते उचलले. आता ऐका. इंग्रज सेनापती होप ग्रँट याने आपल्या सैन्याकडची लूट जमा करायला लावली आणि तिथेच तिचा लिलाव मांडला. आलेले पैसे अधिकारी आणि शिपाई यांच्यात वाटून दिले. लुटलेली वस्तू लिलावात गेली, पावती झाली, आणि घेणारा अधिकारी ती 'विकत घेतलेली' म्हणून घरी घेऊन गेला. वस्तू धुऊन काढायचे हे यंत्र तेव्हापासून चालू आहे. राणी व्हिक्टोरियाला तिथून आणलेले एक लहानसे कुत्रेही भेट मिळाले, आणि त्याचे नाव काय ठेवले माहीत आहे? 'लूटी'. आपलाच 'लूट' शब्द. त्यांनाही काय केले ते ठाऊक होते.

हे युद्ध अफूच्या व्यापाराच्या भांडणातून पेटलेले होते, आणि इथे आपल्यालाही मान खाली घालावी लागते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारातले सर्वांत मोठे नाव सर जमशेटजी जीजीभॉय, आणि त्यांच्या पेढीचे एक भागीदार होते मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ. भायखळ्याचे देरासर आणि शत्रुंजयावरची मोतीशा टूंक ज्यांच्या नावाने ओळखतो तेच. ते युद्धाच्या कितीतरी आधी वारले. त्यांचा धर्मभाव मी कमी लेखत नाही. पण चिनी घरे उद्ध्वस्त करणाऱ्या मालाचा पैसा आपल्याही गावात आला, तेव्हा 'पाश्चात्त्यांनी लुटले' एवढे म्हणून आपण हात झटकून मोकळे होऊ नये. चिनी फुलदाणीचा प्रश्न आपला नाही असे तर मुळीच म्हणू नये.

समुद्राचीही तीच कथा. १८२२ साली टेक सिंग नावाचे चिनी गलबत अमॉय बंदरातून जावाकडे निघाले. खाली पोर्सिलीनचा माल, वर सोळाशेच्या आसपास उतारू, बहुतेक कामाच्या शोधात निघालेली गरीब माणसे. खडकावर आदळून ते बुडाले. मागून आलेल्या एका इंग्रज जहाजाने दोनशेच्या आत माणसे वाचवली, बाकी सगळी तळाला गेली. १९९९ साली मायकल हॅचर यांनी ते गलबत शोधले, सुमारे साडेतीन लाख भांडी वर काढली आणि पुढच्या वर्षी जर्मनीत श्टुटगार्टला त्यांचा लिलाव झाला. जाहिरातीत शब्द होता 'खजिना'. दीड हजार माणसांची ती दफनभूमी होती. साधे वाडगे, ताटल्या, रोजच्या जेवणाची भांडी, आणि प्रत्येकाच्या बुडाशी लिलावाचे लेबल. हौसेने ते शोकेसमध्ये ठेवणाऱ्या घरांत, या भांड्याबरोबर बुडालेल्या माणसांसाठी कोणी एक दिवा लावला असेल का?

याच हॅचर यांनी त्याआधी १९८५ साली एक डच जहाज शोधले होते, १७५२ साली बुडालेले. त्यातली दीड लाखावर भांडी १९८६ साली ॲम्स्टरडॅमला विकली गेली. चीनने आपले दोन तज्ज्ञ तीस हजार डॉलर देऊन तिथे पाठवले होते. बोली इतक्या चढल्या की त्यांना एकही भांडे घेता आले नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते घडवले ते रिकाम्या हाताने परत गेले. शहाणपण म्हणा की चीनने नंतर पैसे गोळा करत बसण्यापेक्षा स्वतःचे पाण्याखालचे पुरातत्त्व खाते उभे केले.

आता किमतींबद्दल थोडे, कारण 'बाजारात किंमत ठरते ती खरी' असे आपल्या घरातले पुरुष हमखास म्हणतात. २०१४ साली हाँगकाँगला कोंबड्यांचे चित्र असलेला एक चिमुकला चिनी पेला अठ्ठावीस कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. घेणाऱ्या अब्जाधीशाने क्रेडिट कार्ड चोवीस वेळा घासून पैसे दिले आणि त्यात चहा पिऊन फोटो काढला. लंडनजवळच्या रायस्लिपमध्ये २०१० साली घर रिकामे करताना सापडलेल्या फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांचा हातोडा पडला, जगभर बातमी झाली, आणि बोली लावणाऱ्याने पैसेच दिले नाहीत. काही वर्षांनी ती खासगीत विकली गेली, त्याहून कितीतरी कमी किमतीला. मग खरी किंमत कोणती? शिवाय राखीव किमतीपर्यंत लिलाव पुकारणाराच विकणाऱ्याच्या वतीने बोली चढवत नेऊ शकतो, छापील अटींत ते बारीक अक्षरात असते. समोर कोणी नसले तरी तो झुंबराकडे बघून आकडा पुकारतो, असा विनोद त्या धंद्यात आहे. दलाली दोन्हीकडून, घेणाऱ्याकडून तर वीस-पंचवीस टक्के वरती. आणि या दलालीचे दर सोदबीज आणि क्रिस्टीज या दोन सर्वांत मोठ्या पेढ्यांनी आपसात संगनमत करून ठरवल्याचे २००० साली उघड झाले. ग्राहकांना ५१ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली आणि सोदबीजचे अध्यक्ष तुरुंगात गेले. आपल्या बाजार समितीतल्या अडत्याने हे केले असते तर त्याचा परवाना टिकला नसता. त्या पेढ्या मात्र आजही संस्कृतीच्या रक्षक म्हणून मिरवतात.

"पण त्यांनी जपले तरी! आपल्याकडे असते तर केव्हाच मोडून गेले असते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला उत्तर द्यायलाच हवे. सांस्कृतिक क्रांतीत चीनने स्वतःच्या हाताने पुष्कळ फोडले, हे खरे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी खांब काढून भंगारवाल्याला दिले जातात आणि जागी चकचकीत संगमरवर येतो, हेही खरे. पाटणच्या एका जैन मंदिराचा सोळाव्या शतकातला अख्खा लाकडी घुमट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आपल्या निष्काळजीपणाबद्दल मी कोणालाही सोडणार नाही. पण मूडबिद्रीला ताडपत्रावरचे धवला ग्रंथ शतकानुशतके कोणी जपले? आपणच. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली आपल्या अमरावतीहून त्यांचा पहिला भाग छापून काढला तेव्हा पाने एकत्र होती म्हणून ते शक्य झाले. आणि लिलावात कल्पसूत्राचे काय होते ते बघा. एकेक सचित्र पान सुटे करून, चौकटीत घालून, वेगवेगळ्या नंबराखाली विकतात, कारण पोथीपेक्षा पानांची बेरीज जास्त होते. पोथी फाडणाऱ्याला जपणारा कसे म्हणायचे?

आता आपल्या मूर्तींकडे येते.

आपल्या धातूच्या मूर्ती उलट्या करून पाहिल्या आहेत का? पाठीवर लेख असतो. संवत, महिना, तिथी, वार. करवून घेणाऱ्याचे नाव, त्याच्या पत्नीचे, मुलांचे, पुष्कळदा आईच्या किंवा वडिलांच्या श्रेयासाठी केली असा उल्लेख. प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचे किंवा सूरींचे नाव, त्यांचा गण किंवा गच्छ. संवत १५४८ च्या जीवराज पापडीवालांच्या पाषाणमूर्ती तर आपल्या गावोगावच्या मंदिरांत आहेत, आणि त्या ओळखता येतात त्या लेखामुळेच. झांग वेनजिनने फुलदाणीच्या मानेवर लिहिले तेच आपल्या आज्यांनी मूर्तीच्या पाठीवर लिहून घेतले. लिलावाच्या कॅटलॉगात हा लेख नीट वाचून, भाषांतर करून छापलेला असतो. त्याच्याच खाली लिहिलेले असते, 'खासगी संग्रह, १९७० पूर्वी मिळवलेली'.

हा १९७० काय प्रकार आहे? त्या वर्षी युनेस्कोचा करार झाला, म्हणून त्याआधी देश सोडलेली वस्तू बाजारात स्वच्छ समजतात. पण आपल्या देशात परवान्याशिवाय पुरावस्तू बाहेर नेण्यावर १९४७ च्या कायद्यानेच बंदी होती, आणि १९७२ चा कायदा तर आणखी कडक आहे. १९६५ साली परवान्याशिवाय गेलेली मूर्ती १९७० पूर्वीची असली तरी चोरटीच. कॅटलॉगात तारीख छापतात, परवाना छापलेला कधी पाहिला आहे का?

दशलक्षण पर्वात दरवर्षी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो. चोरीला तिथे शब्द आहे अदत्तादान, न दिलेले घेणे. आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत एक आहे तदाहृतादान: चोराने आणलेला माल घेणे. स्वतः चोरी केली नाही तरी व्रताला डाग लागतो तो इथे. मग त्या मालाला मुकुट घाला की अभिषेक करा. वर्गणी काढून लिलावात बोली लावू पाहणाऱ्या माझ्या भगिनींना मी हेच विचारले होते, की हा अतिचार मूर्तीला लागू नाही असे कुठे लिहिले आहे?

"मग भगवंतांना कोणा परक्याच्या दिवाणखान्यात, दारूच्या कपाटाशेजारी राहू द्यायचे का?" हा प्रश्न मला विचारला गेला. माझ्याही पोटात कालवते. पण आपण बोली लावली की काय होते ते चीनच्या उदाहरणात लख्ख दिसते. त्याच जळलेल्या महालातल्या कारंज्यावरची बारा प्राण्यांची काशाची डोकी. २००० साली चिनी कंपनीने देशप्रेमाने लिलावात माकडाचे डोके घेतले, सुमारे ऐंशी लाख हाँगकाँग डॉलरना. २००७ साली घोड्याचे डोके मकावच्या एका धनिकाने घेतले, ६ कोटी ९१ लाखांना. सात वर्षांत आठपट! भक्त गिऱ्हाईक आहे असे कळले की विकणारा भाव पाडत नाही. २००९ साली पॅरिसला उंदीर आणि ससा निघाले, दीड-दीड कोटी युरोंच्या घरात. या वेळी एका चिनी माणसाने बोली लावली, जिंकली, आणि पैसे देणार नाही असे जाहीर केले. बोली लावून शब्द मोडणे मला पटत नाही. पण पुढे झाले काय? २०१३ साली क्रिस्टीजची मालकी ज्यांच्याकडे आहे त्या पिनो घराण्याने ती दोन्ही डोकी चीनला फुकट देऊन टाकली. त्याच वर्षी क्रिस्टीजला चीनमध्ये स्वतंत्रपणे लिलाव करायची परवानगीही मिळाली, हे सोबत लक्षात ठेवा. धंदेवाईक माणूस तोटा करत नाही. वस्तू अडचणीची झाली की तो ती सोडतो.

पिप्रहवाचे रत्नही आठवा. बुद्धांच्या अस्थींबरोबर पुरलेली ती रत्ने १८९८ साली निघाली, इंग्रज जमीनदाराच्या घराण्यात राहिली आणि मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात आली. आपल्या सरकारने नोटीस धाडली, लिलाव थांबला. इथपर्यंत उत्तम. जुलैमध्ये ती भारतात आली ती गोदरेज समूहाने विकत घेतली म्हणून. आली याचा आनंद मलाही झाला. पण ज्यांच्याविरुद्ध 'हे विकण्याचा तुम्हाला हक्क नाही' म्हणून आपण नोटीस दिली, त्यांच्याच हातात शेवटी पैसे पडले. पुढचा विकणारा यातून काय शिकेल?

पैसे न देताही वस्तू येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने १५७ पुरावस्तू पंतप्रधानांच्या हाती दिल्या, त्यांत नऊ जैन मूर्ती होत्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानेही त्याच सुमारास वस्तू परत केल्या. अशा प्रकरणांत जिंकायला लागतो तो फोटो. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने काही दशकांपूर्वी दक्षिणेतल्या मंदिरांचे फोटो काढून ठेवले होते, त्यांवरून कितीतरी मूर्ती ओळखल्या गेल्या. फोटो समोर ठेवला की 'खासगी संग्रह' गप्प होतो.

तेव्हा वर्गणी काढायचीच असेल तर यासाठी काढा. आपल्या प्रत्येक मंदिरातल्या, आणि हो, घरच्या देव्हाऱ्यातल्याही जुन्या मूर्तींची नोंद करा. कमिटीतल्या पुरुषांना वेळ नसतो, आपल्याला दुपारी असतो. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून फोटो घ्या. पाठीचा फोटो बॅटरी तिरकी धरून काढा, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. रोजच्या अभिषेकानंतर पुसून पुसून लेख गुळगुळीत होत चालले आहेत, उशीर करू नका. उंची फुटपट्टी शेजारी ठेवून मोजा, वजन घ्या, कुठे टवका आहे, कोणते बोट तुटले आहे ते लिहा. चोराला वस्तू सापडते पण टवका लपवता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करून घ्या. कॅटलॉगात आपली मूर्ती दिसली तर लिलावाच्या पेढीला, आपल्या सांस्कृतिक मंत्रालयाला आणि त्या देशातल्या आपल्या दूतावासाला लेखी कळवा, लिलावाच्या तारखेआधी, लेखाच्या वाचनासह. किंमत विचारू नका.

नोंदवहीच्या चार प्रती काढा. एक मंदिराच्या कपाटात, एक अध्यक्षांकडे, एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, आणि एक परगावी दिलेल्या लेकीकडे. मूर्ती उचलण्याचे काम उपाध्यांना करू द्या, आणि खाली जाड गोधडी अंथरायला विसरू नका, जुन्या धातूच्या मूर्तींचा परिकर पुष्कळदा नुसता खाचेत बसवलेला असतो, उलटे करताना निसटतो.